सगळं नॉर्मल, पण किती वर्षं?

"सगळं नॉर्मल आहे ना? मग अजून किती वर्षं, ते लिहिलंय का यात कुठे?" रक्ताचा रिपोर्ट उलटसुलट करत बाबांनी आज विचारलं. थट्टेतच, पण मला उत्तर सुचेना.

स्वीडनमधल्या ४४ हजारांवर लोकांच्या जुन्या रक्ततपासण्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. शंभरी गाठलेल्यांची साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा घटक), युरिक ॲसिड पासष्टीपासूनच इतरांपेक्षा कमी असायचं. तेही थोडंच! आणि कोलेस्टेरॉल अगदी खाली असलेल्यांची शंभरीची शक्यता उलट कमी दिसली. (मी तर चमकलोच.)

पण हे हजारोंच्या गटाचे कल. एकट्या माणसाच्या कागदावरून वर्षं मोजता येत नाहीत. तरी 'शरीराचं खरं वय' सांगणाऱ्या चाचण्या जोरात विकल्या जातायत.

तुमचं वय त्यात दहाने जास्त आलं, तर नेमकं काय कराल?