बादलीवरचा नंबर

परवा दुपारी शेजारच्या गावात एका घरी पाणी प्यायला थांबलो. निघालो होतो तुरीला फूल कसं आहे ते पाहायला, पण उन्हाचा कंटाळा आला. नोव्हेंबरात आमच्याकडे सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी डोक्याला दुपट्टा. घरच्या बुढीनं गडवाभर पाणी आणून दिलं. हात धुवायला बोरिंगपाशी गेलो तर तिथं एक लोखंडी बादली आडवी पडलेली. बूड गंजलेलं, कडी तारेनं बांधलेली, आणि पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटचे तीन आकडे, अर्धेमुर्धे उडालेले. सात, एक, आठ. इंग्रजी आकडे.

एकाच्या पायाखाली आडवी रेघ होती. एक पडू नये म्हणून त्याला पाट द्यावा तशी. ती रेघ फक्त आमचे बाबा मारायचे.

बाबा १९६३ साली भरती झाले. चीनच्या लढाईनंतर फौज वाढत होती, आणि आमच्या घरी जमीन होती तीन एकर, तीही खरडीची. महार रेजिमेंट, ट्रेनिंग सागरला. पलटण १९४१ साली बेळगावला उभी राहिली हे आम्हाला बाराखडीच्या आधी पाठ झालं, आणि बाबासाहेबही सुभेदाराचंच पोरगं, हे त्याच्याही आधी. पंधरा वर्षं करून १९७८ साली ते हवालदार म्हणून पेन्शनवर आले. सोबत एक काळी पेटी, एक होल्डॉल आणि एक खोड. पेटीवर नंबर, हुद्दा, नाव लिहायची फौजेची रीत. ती पेटीपाशीच थांबली असती तर काही म्हणणं नव्हतं.

पूर्ण नंबर सात आकडी. एवढी जागा इळ्याच्या मुठीवर कुठली? म्हणून शेवटचे तीन. बाभळीची काडी चावून तिचा ब्रश करायचा आणि छपरीत बसून एकेक वस्तू हातात घ्यायची. टिकास, पावडं, कुऱ्हाड, कंदील, बंडीची धुरी, पोरांच्या पाट्या. पोळ्याला लोक बैलांची शिंगं रंगवत, आमच्या बैलांच्या शिंगांवर सातशे अठरा. गावातले पोट्टे विचारायचे, "मेजर, कोंबड्याइले नंबर देल्ले का?" बाबा गंभीरपणे सांगायचे, "कोंबड्या टेंपरवारी हायेत." मायनं मात्र तिच्या भांड्यांवर दिसेल असा नंबर टाकू दिला नाही. मग त्यांनी जर्मनच्या गंजांच्या बुडाखाली टाकला. घासून पालथे ठेवले की ओट्यावर सगळी रांग सातशे अठरा, सातशे अठरा करत वाळायची.

बंडी चिखलात फसली की ते चाकाला खांदा लावून "बोलो हिंदुस्तान की जय" अशी ललकारी द्यायचे. ही पलटणीची आरोळी. बैल दचकून निघायचे. शेजारच्या वावरातले बैलही निघायचे, त्यावरून एकदा भांडण झालेलं आहे.

नोकरीत असताना घरी येणं वर्षातून एकदा, दोन महिने. ती सुट्टी ते पेरणी धरून मागत. पुलगावला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि आर्वीची छोटी गाडी धरायची. ती गाडी आता नाही. मी तिच्या वाटेवर पेटीवर बसून वाट पाहिल्याचं मला आठवतं, पण पेटी तर त्यांच्यासोबत असायची, तेव्हा मी नक्की कशावर बसलो असेन कोण जाणे. उरलेले दहा महिने ते मनीऑर्डरमधून संसार करत. फॉर्मवर निरोपाला दोन बोटं जागा. तेवढ्यात, "पोराईचं दूध बंद करू नको. बैलाले ढेप आण. तुह्या गुडघ्याले तेल लाव." मायला वाचता येत नाही, म्हणून पोस्टमन छपरीत उभा राहून मोठ्यानं वाचायचा. मायच्या गुडघ्याची हालहवाल साऱ्या मोहल्ल्याला असे.

दसऱ्याला दीक्षाभूमी ठरलेली. स्तूप पुरा व्हायला अजून खूप वर्षं होती. माणसांची गर्दी मात्र आजच्याइतकीच. पुलगावला गाडीत शिरण्याआधी बाबा फलाटावर आम्हा तिघांना ओळीत उभं करायचे आणि बॉलपेननं प्रत्येकाच्या हातावर सातशे अठरा लिहायचे. "पोरगं हरपलं की रडते. रडता रडता नाव इसरते. हातावरचं कसं इसरन?" मायकडे वळले की ती गोंदलेला हात पुढे करायची. "इथं जागा नाही."

एका वर्षी धाकटा खरंच हरपला. पुस्तकांच्या दुकानांपाशी बोट सुटलं. मायनं जो सूर लावला तो मला अजून झोपेत ऐकू येतो. बाबा एक शब्द बोलले नाहीत, तिथंच उभे राहिले. तासाभरानं भोंग्यावर आलं की निळ्या शर्टाचं एक पोरगं मांडवात आहे, नाव सांगत नाही, हातावर सातशे अठरा लिहिलं आहे, ज्यांचं असेल त्यांनी यावं. मांडवातल्या कार्यकर्त्यानं विचारलं, "तुमचंच कशावरून?" बाबांनी बाही वर केली. त्यांच्याही हातावर सातशे अठरा. त्यांनी ते कधी लिहून घेतलं, आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. धाकट्याच्या हातात कोणीतरी दिलेलं केळं होतं आणि आम्ही आल्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही.

लढाईबद्दल ते बोलत नसत. १९७१ला ते पश्चिम सीमेवर होते, त्याचं पदक, पश्चिमी स्टार, फडक्यात गुंडाळून पेटीत आहे. विचारलं की थंडीचं सांगत, लंगरच्या डाळीचं सांगत. एकदाच, गळ्यातल्या बिल्ल्यांचं सांगितलं. प्रत्येकाला दोन, एक गोल आणि एक लांबट, दोन्हींवर तोच नंबर. माणूस गेला तर एक त्याच्यापाशी राहतो, दुसरा काढून हापिसात जातो. "दोन काहून?" मी विचारलं. "एक हिशेबाले," ते म्हणाले आणि दुसरा कशाला ते सांगितलंच नाही. मीही लहान होतो, विचारलं नाही. मोठा झाल्यावर विचारायला हवं होतं.

पुलगावला फौजेचा दारूगोळ्याचा डेपो आहे, तिथं जुना दारूगोळा निकामी करतात, त्याचे धमाके वारा असला की आमच्या गावापर्यंत येत. आम्हाला सवय होती. बाबा मात्र घास हातात धरून थांबत, आवाज पुरते संपले की मगच खात. २०१६च्या ३०-३१ मेच्या रात्री मात्र आवाज संपेनात. डेपोला आग लागली होती, त्या बाजूचं आभाळ लाल दिसत होतं, खिडक्या थरथरत होत्या. गाव रस्त्यावर आलं. बाबांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांनी उठून शर्टाच्या गुंड्या लावल्या, बूट घातले, नाड्या आवळल्या आणि दिवस निघेपर्यंत बाजेवर ताठ बसून राहिले. कुठं जायचं होतं त्यांना? सकाळी टीव्हीवर मेलेल्यांचा आकडा दर तासाला बदलत होता. आग विझवायला आत गेलेले त्यात होते. बाबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आकडा काय सांगून राह्यले? नंबर सांगा म्हणा."

त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली.

तर ती बादली. मी निरखून पाहतोय हे पाहून बुढी ओशाळली. "तुह्या बाबाचीच हाय नं ते. आमच्या सुमीच्या लग्नात आणली होती." सुमीची लेक आता नर्स आहे म्हणे. म्हणजे बादली घरून निघाली त्याला तीसेक वर्षं झाली. "त्यायनं कधी मांगली नाही. येत जात. इथंच बसत, याच बादलीतलं पाणी पेत, पण मांगली नाही. घेऊन जाय बापू." मी राहू द्या म्हटलं. बोरिंगपाशी दुसरी बादली दिसतही नव्हती.

घरी येऊन मायला सांगितलं. तिला मुळीच नवल वाटलं नाही. "त्याले सारं मालूम होतं," ती म्हणाली. "टिकास कोणाकडं, पावडं कोणाकडं. फिरून पाहून ये." वस्तू परत याव्यात म्हणून हा माणूस नंबर टाकतो अशी आमची इतकी वर्षं समजूत होती.

दुसऱ्या दिवशी तिला बँकेत न्यायचं होतं, हयातीच्या दाखल्यासाठी. फॅमिली पेन्शन दर नोव्हेंबरात हे मागते. आपण जिवंत आहोत हे मायनं पान खाऊन तोंडभर सिद्ध केलं, अंगठा टेकवला. मशीननं तो दोनदा नाकारला. कापूस वेचून वेचून रेघा उरल्यात कुठं. कागद माझ्या पिशवीत होते, मी शोधत होतो. तोवर खिडकीतल्या पोरीनं मोठ्यानं विचारलं, "आजी, नंबर?"

मायला अक्षर येत नाही. घड्याळही येत नाही. तिनं काऊंटरवर बोटानं काढून दाखवलं. एक इळा. एक काडी. एकावर एक दोन भाकरी.

"सात, एक, आठ," ती म्हणाली.

"असा नाही आजी, मोठा असतो. पेन्शनचा."

"तो तुमचा असन," माय म्हणाली. "त्याचा हाच हाय."