आमराईतील बांडगूळ आणि शिंजीर : मार्चअखेरच्या नोंदी

अंबाजोगाई परिसरातील पळसाचा बहर ओसरल्यापासून माझ्या निरीक्षणांचा सगळा भर आमराईतील बांडगुळावर आहे. पळसावर मैना, बुलबुल, कोतवाल अशी सगळ्यांचीच गर्दी असते आणि त्या गोंधळात जांभळा शिंजीर या मकरंद पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याचे वागणे नीट टिपता येत नाही. बांडगुळाच्या अरुंद, नळीसारख्या फुलाशी मात्र त्याच्या बाकदार चोचीचे चांगले जमते.

जवळून पाहण्याजोगी आहे ती कळी. फुगलेली, पक्व कळी शिंजीर चोचीच्या टोकात हलकेच दाबतो, तोच पाकळ्या झटकन मागे वळतात, आणि मकरंद पिताना त्याच्या डोक्याला परागकण लागतात. कोकणातील बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्या हा दुसरा चिमुकला पक्षी यांचा वाटा किती, यावर पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३१ साली लिहिले होते. ती कामाची वाटणी आमच्या इथल्या बालाघाटाच्या डोंगरातही तशीच आहे. परागीभवन प्रामुख्याने शिंजिराकडे, तर पिकलेले फळ खाऊन चिकट बी फांदीला पुसण्याचे काम फुलटोच्याकडे. शेजारचे शेतकरी बांडगूळ दिसताच कोयता चालवतात, आणि आंब्याचा विचार केला तर त्यांचे काही चुकत नाही. तरी एक झाड राखावे, अशी विनंती मी केली आहे.

हिवाळ्यात हनुवटीपासून पोटापर्यंत केवळ काळसर पट्टी मिरवणारा नर आता पूर्ण रंगात आहे. सावलीत तो नुसताच काळा दिसतो, ऊन पडले की निळा-जांभळा झळाळतो. मादीने बोगनवेलीला घरटे टांगायला घेतले असून कोळ्याचे जाळे, सालपटे आणि अळ्यांची विष्ठा ती एकटीच आणून लावते. नर जवळपास गात बसतो, बांधकामाला हात लावत नाही.

साखरपाण्याच्या बाटल्या टांगणाऱ्या मित्रांना एक सांगावेसे वाटते : पिलांना प्रामुख्याने कीटक आणि कोळी भरवले जातात, तेव्हा बागेत कीटकनाशक न मारणे अधिक उपयोगाचे. शिवाय शिंजीर हा हमिंगबर्डचा भाऊबंद नव्हे. हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांत आढळतात. शिंजीर क्वचित फडफडत तरंगतो, एरवी देठावर बसूनच पितो. लांब नळीच्या फुलांना बुडाशी भोक पाडून परागकणांना न शिवता मकरंद पळवण्याची सवयही त्याला आहे.

बांडगुळाचा बहर संपल्यावर, मे महिन्यातील कोरड्या दिवसांत ही जोडी कोणत्या फुलांकडे वळते, याची नोंद पुढच्या खेपेस देईन.