रात्री दोन वाजता कोण येणार?

2023 च्या उन्हाळ्यात माझे वजन 118 किलो होते आणि उंची 157 सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक) जवळजवळ 48. अमळनेरच्या आमच्या शाळेत दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना मी जिन्याच्या वळणावर थांबत असे आणि दम लागला आहे हे कळू नये म्हणून हातातल्या वह्या उगीचच चाळत असे. मधुमेह जुना होता, इन्सुलिनही सुरू झाले होते. फिजिशियननी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला, तेव्हा आईने अहिराणीत एकच प्रश्न विचारला, "पोट कापीसन कोनी बारीक होस का?" शस्त्रक्रिया करावी की नाही यावर घरात महिनाभर खल झाला, ती कोणाकडून करावी यावर मात्र अर्धा तासही बोलणे झाले नाही. जळगावच्या शिबिराच्या फलकावर ज्यांचे नाव होते त्यांच्याकडेच जायचे, हे सर्वांनी गृहीत धरले होते.

त्या शिबिरात मी गेले. सर्जन मोठ्या शहरातले होते आणि महिन्यातून एकदा येत. त्यांच्या आधी एका समुपदेशक बाईंनी टॅबवर रुग्णांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवली, पॅकेजचे आकडे सांगितले. मग सर्जननी फाइल उलटून पाहिली आणि "स्लीव्ह करून टाकू" असे सांगून टाकले. छातीत जळजळ होते, रात्री दोन उशा घेऊन झोपावे लागते, हे मी सांगितले. त्यावर गोळी लिहून मिळाली. गुंतागुंतीबद्दल विचारले, तर "आमच्याकडे तसे काही होत नाही" असे उत्तर आले. शस्त्रक्रिया दुपारी इथल्याच एका छोट्या रुग्णालयात होणार होती आणि सर्जन त्याच रात्रीच्या गाडीने परतणार होते.

बाहेरून येणारे डॉक्टर खान्देशाला नवे नाहीत, आणि त्यांच्यामुळे कित्येकांचे उपचार घराजवळ होतात, हे मी मान्य करते. परंतु ही शस्त्रक्रिया त्या जातीची नव्हे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग स्टेपलरने कापून काढतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची नळी (जळगाव जिल्ह्यात याहून सोपी उपमा नाही). त्या लांबलचक टाक्यांच्या रेषेतून गळती क्वचितच होते, पण झाली तर कधीकधी रुग्ण घरी गेल्यानंतर लक्षात येते, आणि तिची पहिली खूण बऱ्याचदा पोटदुखी नसते, तर वाढलेली नाडी असते. नाडी 120 च्या वर गेली तर तातडीने सीटी स्कॅन, अतिदक्षता विभाग, एंडोस्कोपी करणारा तज्ज्ञ आणि गरज पडल्यास पुन्हा पोट उघडू शकणारा सर्जन लागतो. म्हणून मी समुपदेशक बाईंना विचारले, की रात्री दोन वाजता असे झाले तर कोण येणार? त्यांनी मला एक मोबाइल क्रमांक दिला.

त्यानंतर मी वाचायला बसले. 2013 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील 20 बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या, सर्जनचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. प्रत्येकाने आपल्या एका गॅस्ट्रिक बायपासची (यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात) चित्रफीत दिली आणि ती कोणाची हे न कळवता इतर सर्जनांकडून तिला गुण देववले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण 14.5 टक्के होते, सर्वांत वरच्या गटात 5.2 टक्के, आणि ज्यांचा हात चांगला, ते वर्षाकाठी शस्त्रक्रियाही जास्त करत होते. शस्त्रक्रिया तीच, फरक हाताचा, हे माझ्या मनावर बसले ते या आकड्यांमुळे. दुर्बिणीतून बायपास करण्यात हात बसायला साधारण 75 ते 100 शस्त्रक्रिया लागतात, असेही वाचनात आले. पित्ताशयाच्या हजार शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनचा मला आदर आहे, पण तो हिशेब इथे चालत नाही. म्हणून "तुमचा अनुभव किती" असे मोघम न विचारता, माझ्यावर जी करणार तीच शस्त्रक्रिया गेल्या वर्षभरात आपण स्वतः किती वेळा केली, असे विचारायचे मी ठरवले.

जळगावचा बेत सोडून मी नाशिकच्या एका सर्जनकडे गेले. त्यांना हा प्रश्न विचारताना माझा आवाज थोडा कापला. मोठ्या डॉक्टरांची उलटतपासणी घेण्याचे वळण आपल्याकडे नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी आकडा सांगितला आणि न विचारता पुढे सांगितले, की त्यांच्या दोन रुग्णांना गळती झाली होती. एकीला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले आणि तिला घरी जायला दीड महिना लागला. माझा विश्वास बसला तो याच वाक्यावर. मग त्यांनी जळजळीबद्दल खोदून विचारले आणि एंडोस्कोपी करायला लावली. हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणे) निघाला, अन्ननलिकेला आतून सूज होती. स्लीव्हने ॲसिडिटी वाढू शकते, तुम्हाला बायपास बरा, असे सांगताना त्यांनी लेटरहेडच्या पाठीमागे जठराचे चित्र काढले आणि बायपासची किंमतही त्याच कागदावर लिहिली: लोह, बी12, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर; दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या बंद, कारण जोडाजवळ अल्सर होतो. भूलतज्ज्ञांनी झोपेची तपासणी करवली आणि शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे श्वासाचे यंत्र लावून झोपायला सांगितले. आहारतज्ज्ञ बाईंनी ओट्सचे नाव घेतले नाही. शेवभाजीवर तर्री किती घेता आणि वरण-बट्टीला तूप किती, हे विचारून घेतले.

विम्याबद्दल थोडक्यात सांगते. विमा नियामकाच्या नियमानुसार बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असल्यास, अथवा 35 किंवा त्याहून जास्त असून अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर आजार असल्यास ही शस्त्रक्रिया विम्याच्या कक्षेत येऊ शकते. मात्र प्रतीक्षाकाळ आपल्या पॉलिसीत पाहून घ्यावा.

बायपास नाशिकलाच करायचे ठरले. घरी जायला तीन तासांहून जास्त लागतात हे कळल्यावर सर्जननी अट घातली, की डिस्चार्जनंतर दहा दिवस नाशिक सोडायचे नाही. मावसबहिणीकडे राहिले. सहाव्या रात्री ऑक्सिमीटरवर नाडी 116 दिसली आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. फोन दुसऱ्या रिंगला उचलला गेला; अर्ध्या तासात मी रुग्णालयात होते आणि पाऊण तासात सर्जन स्वतः आले, चप्पल घालून, शर्ट बाहेर. स्कॅन स्वच्छ निघाला. दिवसभरात मी जेमतेम अर्धा लिटर पाणी प्याले होते. सलाइन लागले आणि पहाटेपर्यंत नाडी 88 वर आली.

अमळनेरच्या आमच्या फिजिशियनना नाशिकच्या सर्जननी दोन पानी पत्र दिले होते: कोणत्या तपासण्या केव्हा करायच्या, इन्सुलिन कसे उतरवायचे, उलट्या थांबत नसतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी1 जीवनसत्त्व) द्यायचे. त्याची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये असते. गेल्या वर्षी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) घसरले, तेव्हा लोहाची सलाइन इथेच, घरापासून दहा मिनिटांवर लागली.