आवाजाला अंग कुठून आलं?

‘स्पीकरची केबल बदलली आणि आवाजाला एकदम अंग आलं, येऊन ऐका!’ ग्राहकांचे असे दावे मी एरवी हसण्यावारी नेतो. या वेळी फरक खरंच होता. जुन्या वायरीवर गायकाचा आवाज पोकळ, नव्या महागड्या केबलवर भरदार.

जुनी वायर दोन्हीकडून सोडवली, स्पीकरकडची टोकं एकमेकांना पिळली आणि ॲम्प्लिफायरकडून (ॲम्पकडून) मल्टिमीटर लावला. प्रोबचा रोध वजा करून उरले 0.7 ओम. 10 मीटर लांबीच्या 0.75 चौरस मिमी तांब्याला जाऊन-येऊन 0.46 ओम यायला हवेत. एक तार ब्लेडने खरवडली, तर तांबूस पापुद्र्याखाली पांढरं ॲल्युमिनियम! वरच्या जाड पारदर्शक इन्शुलेशनमुळे वायर दिसायला मात्र दणकट.

स्पीकर 4 ओमचा, पण तो आकडा नावापुरता असतो. याच्या आलेखात खर्जाच्या जरा वर इम्पीडन्स, म्हणजे सुरागणिक बदलणारा रोध, 3.2 ओमपर्यंत उतरतो; क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे जाड आणि बारीक सूर वेगळ्या स्पीकरांत वाटले जातात त्या जागी, 20 पर्यंत चढतो. वाटेत 0.7 ओम आले की पहिल्या जागी 1.7 डेसिबल गळतात, दुसऱ्या जागी जेमतेम 0.3. म्हणजे कोणी न मागता बसलेला टोन कंट्रोलच. आवाज पोकळ वाटणारच.

मग महागडी केबलच हवी का? तिच्यासमोर साधी 2.5 चौरस मिमी शुद्ध तांब्याची वायर ठेवली. दोन्ही ॲम्पला एकत्र जोडल्या आणि स्पीकरकडे दोन-पोल रिले, म्हणजे दोन्ही तारा एकदम बदलणारा विजेवरचा स्विच, बसवला, कारण हाताने केबल बदलेपर्यंत कान आधीचा आवाज विसरलेला असतो. 1 किलोहर्ट्झच्या सुरावर स्पीकरच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज तपासला. 2.00 आणि 2.02 व्होल्ट म्हणजे जवळपास 0.1 डेसिबल, त्याहून जास्त तफावत असली तर मोठा आवाज ‘चांगला’ वाटतो आणि चाचणी तिथेच फसते. मीटर साधा असला तरी चालतो, तुलना एकाच सुराची असते. नाणं उडवून कुठली केबल लावायची ते ठरवणारा ऐकणाऱ्याच्या पाठीमागे बसला. रिलेच्या टिकटिकीवरूनही उत्तर फुटतं, म्हणून केबल तीच राहणार असली तरी तो दर वेळी उलटसुलट करायचा. 16 फेऱ्यांत निदान 12 उत्तरं बरोबर आली तरच फरक मानायचा; उत्तरं निम्म्याच्या आसपासच घुटमळली.

‘पण हिच्यावर दिशेचा बाण आहे!’ असू दे. स्पीकरच्या तारेतून जाणारा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा उलटतो, बाणाकडे तो बघत नाही.

जाण्या-येण्याचा एकूण रोध स्पीकरच्या किमान इम्पीडन्सच्या 5 टक्क्यांत ठेवा. इथे ती मर्यादा 0.16 ओम, 10 मीटरला 2.5 ची वायर 0.14 देते, म्हणजे बसते. हाच स्पीकर 12 मीटरवर न्यायचा असेल, तर 4 चौरस मिमी घ्यावी लागेल.