मालवणच्या खडकावरचा पट्टेरी राखणदार

स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क लावून पाण्याखालचं बघायला, पहाटे चारला कोल्हापूर सोडलं. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल असं करत मालवण गाठायला चार तास लागले. दाजीपूरच्या जंगलात गाडी सावकाश चालवा, अंधारात गवे रस्त्यावर उभे असतात.

पंचगंगेत पोहणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, मास्क आधी तपासून घ्या. पट्टा न लावता तो तोंडावर धरून नाकानं श्वास ओढायचा. चिकटून राहिला तरच घ्यायचा. तारीख अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची नको, उधाणात पाणी गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, तळ बराच स्वच्छ दिसतो. आम्ही फेब्रुवारीत तसेच गेलो.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरलो, तर सगळीकडे पट्टेरी मासे! हा सार्जंट मेजर. वीतभर लांब, अंगावर पाच काळे उभे पट्टे, पाठीवर पिवळी झाक. पण नुसते पट्टे बघून नाव ठरवू नका, शेपटीही बघा. तिच्या दोन्ही पाकळ्यांवर काळी रेघ असेल तर तो त्याचाच भाऊबंद, कात्रीशेपट्या. पट्टे सहा-सात आणि बारीक असतील तर तो तिसराच.

"मामा, हा मासा अंगावर येतोय!" भाची वर येऊन ओरडली. मी खाली गेलो. खडकावर तळहाताएवढा जांभळट डाग होता, जवळून बघितलं तर मोहरीहून बारीक अंडी, एकमेकांना खेटून चिकटवलेली. त्यावर एक नर, अंग निळसर झालेला. माझ्या मास्कच्या काचेपर्यंत सरळ चालून आला. होडीवाला म्हणाला, "अंडी राखता तो." अंडी घालून मादी निघून जाते, पिल्लं बाहेर पडेपर्यंत पहारा बापाचा.

म्हणूनच पावाचे तुकडे टाकून मासे गोळा करणं मला अजिबात पटत नाही. फोटो छान येतो, पण अशा गर्दीत अंडी खाणारे मासेही येतात आणि राखणदार एकटा पडतो. होडी ठरवतानाच "पाव नको" म्हणून सांगा. खडकावर पाय टेकू नका.

दुसऱ्या वेळी आम्ही दोन हात लांब तरंगत राहिलो. थोड्या वेळानं त्यानं आमच्याकडं बघणं सोडलं आणि परांनी अंड्यांवर पाणी घालायला लागला.