"फॉरमॅट बिघडला आहे, दुरुस्त करून पाठवा"

एका संस्थेला अहवालाची फाइल पाठवली की हे एकच वाक्य मला परत परत येत राहिलं. आठवलं की अजूनही डोकं तापतं. काय बिघडलंय? कुठल्या पानावर? तक्ता सरकला, अक्षरं बदलली की पानं वाढली? कशाचाच पत्ता नाही. माझ्या स्क्रीनवर तर सगळं जागच्या जागी होतं.

आम्ही तिघांनी मिळून एक मराठी अहवाल लिहिला होता. मजकूर गूगल डॉक्सवर जमवला, मांडणी मी लिब्रेऑफिस रायटरमध्ये (वर्डसारखाच, पण मोफत प्रोग्राम) केली, आणि ज्या संस्थेला तो द्यायचा होता तिथे वर्ड वापरतात. त्यांची अट अशी, की फाइल डॉकएक्सच (वर्डचा फाइल-प्रकार) हवी, पीडीएफ चालणार नाही आणि ४० पानांच्या वर एकही पान नको. माझी ३९ भरत होती. लिहिण्यात, जमवण्यात, मुद्रितशोधनात काही अडलं नाही.

मेलवर विचारलं, काय दिसतंय त्याचा फोटो तरी पाठवा. उत्तर तेच. मी समास तपासले, पानाचा आकार तपासला (ए४ च होता, समोर लेटर असतं तर तो रुंदीला जास्त आणि उंचीला कमी, २१६ बाय २७९ मिलिमीटर, त्यामुळे हे आधी बघावंच). अनुक्रमणिका नव्याने तयार केली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. ज्याला बिघाड दिसतोय तो सांगत नाही आणि ज्याने दुरुस्त करायचं त्याला दिसत नाही, अशी ती कोंडी होती. दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर दोघांचाही वेळ वाचला असता, हे मी आजही म्हणेन.

शेवटी फोन केला आणि म्हटलं, "मॅडम, माझी फाइल तुमच्या संगणकावर उघडा आणि तिथूनच पीडीएफ करून मला पाठवा. बाकी काही करू नका." त्यांनी लगेच पाठवली. ही या सगळ्यातली सर्वांत उपयोगाची युक्ती, आणि पहिल्याच दिवशी करावी अशी. समोरच्याला काय दिसतंय ते शब्दांत सांगायला लावू नका, त्याच्याकडची पीडीएफ मागा.

त्या पीडीएफची पानं होती ४३. मग पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फॉन्टची यादी उघडली. माझा मजकूर मुक्ता फॉन्टमध्ये होता. यादीत मुक्ता नव्हताच. त्याच्या जागी मंगल. त्यांच्या संगणकावर मुक्ता नाही, म्हणून वर्डने हाताशी असलेला देवनागरी फॉन्ट लावला. मंगलची मापं वेगळी, त्यामुळे प्रत्येक पानावरच्या थोड्या ओळी खाली ढकलल्या गेल्या, तक्ते मधोमध तुटले आणि शीर्षकं पानाच्या तळाशी एकटी उरली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ओडीएफ (लिब्रेऑफिसचा स्वतःचा फाइल-प्रकार) २००६ पासून आणि डॉकएक्समागचं ओओएक्सएमएल २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यामुळे फाइल सहसा सगळीकडे उघडते. पण फाइलमध्ये पानं नसतात. मजकूर असतो आणि सूचना असतात: हा फॉन्ट, एवढा आकार, एवढं अंतर. पान प्रत्येक संगणकावर नव्याने रचलं जातं. मुद्दाम बसवला नाही तर फॉन्टचं फक्त नाव जातं, फॉन्ट जात नाही. अहवालातला इंग्रजी मजकूर हलला नव्हता, कारण तो लिबरेशन सेरिफमध्ये होता आणि त्याची मापं टाइम्स न्यू रोमनशी जुळवलेली आहेत; एकाच्या जागी दुसरा लागला तरी ओळी हलत नाहीत. कॅलिब्रीला कार्लिटो आणि कँब्रियाला कॅलाडिया असेच जोडीदार आहेत. मुक्ता आणि मंगल यांची मापं मात्र जुळत नाहीत.

उपाय दोन केले. पहिला, फॉन्ट फाइलमध्येच बसवला. रायटरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या फॉन्टच्या पानावर ती खूण करता येते. वर्डमध्ये ऑप्शन्समधल्या सेव्हखाली. रायटरमध्ये कोणत्या लिपीचे फॉन्ट बसवायचे तेही विचारतात, तिथे देवनागरीसाठी कॉम्प्लेक्सवर खूण हवी. काही फॉन्टच्या परवान्यात असं बसवायला मनाई असते; मुक्ता खुल्या परवान्याचा असल्याने अडचण आली नाही.

दुसरा उपाय, ओळींमधलं अंतर पटीत न ठेवता ठरावीक पॉइंटमध्ये दिलं. मग फॉन्ट बदलला तरी ओळीची उंची बदलत नाही. इथे घाई नको. १२ पॉइंटच्या अक्षराला १४ दिलं तर "मर्मी"तल्या वेलांटीचा माथा आणि रफार वरून कापला गेला, "द्रू"ची शेपटी खालच्या ओळीत घुसली. १८ वर सगळं मोकळं झालं. पानं ३९ च राहिली, त्यांच्याकडेही.

हे सगळं स्टाइलमध्येच (शीर्षक, परिच्छेद अशा प्रत्येक प्रकारासाठी एकदाच ठरवलेल्या मांडणीत) करा, मजकूर निवडून हाताने नको. आणि स्टाइलमध्ये रोमन आणि देवनागरीचा फॉन्ट, आकार, ठळकपणा वेगवेगळा नोंदला जातो हे लक्षात असू द्या. एका बाजूला ठळक केलेलं शीर्षक दुसरीकडे साधं दिसतं ते बहुतेक वेळा यामुळेच.

आमच्यातल्या एका सहकाऱ्याचं परिशिष्ट जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होतं (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत). असे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवतात. फॉन्ट नसला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ते युनिकोडमध्ये बदलून घेतलं आणि मग फक्त एका अक्षरासाठी पूर्ण वाचलं: दुसऱ्या, तऱ्हा, कैऱ्या यांतला अर्धा ऱ. बदलताना तो हमखास मोडतो.

स्पेसबार दाबून जुळवलेले रकाने दुसरीकडे टिकत नाहीत. त्या जागी टॅबचे थांबे लावा, नाहीतर कडा लपवलेला तक्ता घ्या. चित्रं मजकुरावर तरंगती न ठेवता अक्षरासारखी ओळीत बसवा. गूगल डॉक्समधून रायटरमध्ये मजकूर आणताना कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही करून साधा उतरवा, नाहीतर त्याच्या लपलेल्या स्टाइल सोबत येतात. तिघं मिळून बदल करत असाल तर बदलांची नोंद शेवटी स्वीकारून बंद करा. आमच्या एका मसुद्यात खोडलेली वाक्यंही समोरच्याला दिसत होती.

फाइल स्वीकारल्याची पोच आली तेव्हा मी त्याच मेलला उत्तर लिहिलं आणि विनंती केली, की यापुढे कुणाचीही फाइल परत करताना आपल्याकडची पीडीएफ सोबत जोडावी. त्याला अजून उत्तर आलेलं नाही.