रंग शिजवायला एक दुपार, खरवडायला अख्खा उन्हाळा

आम्ही स्वीडनमध्ये जुनं घर घेतलं, त्याच्या मागे लाकडी शेड आहे, सायकली, बर्फाची फावडी वगैरे ठेवायची. इथे शेड, गोठे बहुतेक लालच, आणि तो लाल रंग पीठ, पाणी आणि रंगाची पूड घालून घरी शिजवता येतो, ऑइल पेंटपेक्षा कितीतरी स्वस्तात. ही पूड इथल्याच फालून गावच्या तांब्याच्या खाणीच्या टाकाऊ मातीतून येते. खाण १९९२ लाच बंद झाली, पूड अजून मिळते.

पण अडलं कुठे, तर आधीच्या मालकाने शेडवर प्लॅस्टिक पेंट फासून ठेवला होता!! हा पिठाचा रंग फक्त कोऱ्या, खरबरीत लाकडाला धरतो, प्लॅस्टिकवर मारलात की पापुद्रे सुटणार. मग बसा खरवडत. सपाट भागावरचा लवकर निघतो हो, पण फळ्यांच्या फटीतला आणि खिळ्यांभोवतीचा काही केल्या निघत नाही, आणि प्रत्येक शेजारी कुंपणाशी थांबून सांगणार की नवीन डबाच आण ना. प्रेशर वॉशर मारू नका, लाकूड पाणी पितं आणि वाळायची वाट बघत बसावं लागतं, इथे ऊन किती दिवस टिकतं ते माहितीच आहे. खाली ताडपत्री घाला, कपचे मातीत जाता कामा नयेत, आणि पेंट फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, मास्क लावाच. झालं की नाही ते बघायला फळीवर पाणी शिंपडा. थेंब तसाच उभा राहिला तर अजून खरवडा, लाकूड काळपट पडून पाणी आत गेलं की सुटलात. पहिली फळी तशी काळी पडली तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवली, इतका आनंद.

शिजवणं सोपंय. १२ लिटर पाणी उकळून अर्धा किलो हिराकस विरघळवा (म्हणजे आयर्न सल्फेट, बागकामाच्या दुकानात लॉनवरचं शेवाळ मारायला म्हणून मिळतं, पेंटवाल्याकडे विचारत बसू नका). मग ६०० ग्रॅम राय धान्याचं पीठ, पिठल्याला पेरतो तसं पेरत घोटायचं, गुठळी नको. पाव तासाने २ किलो पूड, आणखी पाव तासाने लिटरभर जवसाचं तेल, परत पाव तास. भांडं जुनं घ्या आणि बाहेर अंगणात शिजवा. फरशीवर सांडू नका, हिराकसाचा गंजासारखा डाग जात नाही. पहिला हात पातळ द्या. उरलेला रंग ठेवू नका, पीठ आंबतं. वाळल्यावरही हाताला थोडा लाल लागतो, ते नॉर्मल आहे.

हां, आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पाण्यात बुडवून ठेवा.